बिनसामाईक मशीन आणि निरवांगीचा फोन

जळोची, बारामती
फेब्रुवारी १९९९

...तर 'नाही' म्हणालं कोण, हेच मी तुम्हाला विचारणार होते, मामा, आणि तेवढ्यात तुम्ही फोन ठेवलात. मी बूथच्या काचेत उभी (घरच्या फोनवर सगळे कान लावून असतात), बाहेर चार माणसं नंबर लावून, आणि बूथवाला माझ्याकडं असा बघतोय की जणू मलाच कुणीतरी मागणी घालून नाकारलंय. तुम्ही म्हणालात ते मी सगळं ऐकून घेतलं. दाजी शेफारलेत, निरवांगीसारखं घर पुन्हा मिळायचं नाही, मध्यस्थाचं तोंड काळं झालं, वगैरे. पण आमच्या घरातून कुणी नकार दिलाच नाही. आणि निरवांगीकरांनीही दिला नाही. दोन्हीकडून होकार असून सोयरीक मोडायला आली आहे, आणि ती मोडायला जे कारण झालं ते आत्ता माझ्यासमोर टेबलावर फडकं पांघरून बसलंय.

(आक्काबाई आत्या शेजारी मेथी निवडत बसली आहे. तिनं विचारलं काय लिहिलंस, मी वाचून दाखवलं, तर म्हणाली, "पत्र असं मधनंच सुरू करत्यात व्हय? आधी नमस्कार घाल, मग रडायचं ते रड.")

तर पूज्य सावळाराममामा आणि सुधामामी यांना भाची दिपालीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आम्ही इकडं सुखरूप आहोत (मनिषाताई सोडून, हे पत्र तिच्याचविषयी आहे). आईची कंबर थंडीनं धरली होती, आता सुटली. तुमचा गुडघा कसा आहे? मामींच्या शिकवणीला यंदा किती मुलं आहेत, हे आईनं विचारलंय. तुमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमधल्या सगळ्या मशिन्सची तब्येत कशी आहे, हे मी विचारते आहे. मराठीत एवढं मोठं पत्र मी पहिल्यांदाच लिहिते, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाकडं बघू नका. तुम्हीच मला हॉस्टेलवरून आल्यावर म्हणाला होतात की इंग्रजी शाळेनं पोरगी हुशार केली पण पत्र लिहायच्या कामातून गेली. इंग्रजीत लिहिलं असतं तर एका पानात आटपलं असतं. पण इंग्रजीत मला 'सॉरी' सोडून दुसरं काही सुचत नाही, आणि ते इथं पुरणार नाही.

पहिल्यापासून सांगते, कारण तुम्हाला अर्धंच माहीत आहे. माझा प्रोग्रॅम तुम्ही बघितला होता, 'सोयरीक' नावाचा. मनिषाताईसाठी स्थळं बघताना बापू (म्हणजे तुमचे दाजी) मोटरसायकलवरून अकलूजपासून दौंडपर्यंत हिंडायचे, आणि घरी आल्यावर कुठल्या मुलाचा मामा कोण आणि कुणाची बागायत किती, याचा सगळा घोटाळा व्हायचा. एकदा तर त्यांनी एकाच मुलाला दोन वेळा बघितलं आणि दोन्ही वेळा नापसंत केलं. म्हणून मी प्रोग्रॅम लिहिला. कुणीही आपल्या घरच्या कॉम्प्युटरवरून, मोडेमच्या डबीतून, फोन लावायचा, आमचं मशीन फोन उचलणार, आणि समोरच्याच्या पडद्यावर सगळी स्थळं येणार. आपण आपलं टाकायचं, दुसऱ्याचं बघायचं. कल्पना चांगली होती, मामा, हे तुम्हीही म्हणाला होतात. (मोडेम असलेले लोक या पट्ट्यात माझ्या ओळखीचे चार, आणि त्यातले तीन लग्न झालेले, हे तुम्ही त्याच वेळी म्हणाला होतात. ते मी मनावर घेतलं नाही.)

प्रश्न होता प्रोग्रॅम ठेवायचा कुठं. अमेरिकेतल्या कंपन्यांकडं इंटरनेटवर फुकट जागा मिळते, पण ती भिंतीसारखी. तिच्यावर रंगवा काय रंगवायचं ते, आत दुकान थाटता येत नाही. माझा प्रोग्रॅम तिथं चाललाच नसता. दुसरी वाट तुम्ही दाखवलीत, मशीनवर भाड्यानं जागा देणारी पुण्यातली ती कंपनी. आणि तिसरी म्हणजे घरी स्वतःचं मशीन. तुम्ही मला तीन प्रश्न पाठ करून घेतले होते: लाइट गेली तर काय, फोनच्या लाइनी किती, आणि मशीन पडलं तर उठवणार कोण. एवढं विचार आणि मग जागा ठरव, म्हणालात. मला अजून पाठ आहेत. शाळेतल्या कविता जशा पाठ असतात तशा, म्हणजे अर्थ सोडून.

पुण्याला बापू माझ्यासोबत आले हीच खरी चूक. तुम्ही त्या दिवशी कॉलेजच्या परीक्षेत अडकला होतात, नाहीतर सावरून घेतलं असतंत. कंपनीचे ते चष्मेवाले साहेब फार सज्जन होते. त्यांनी काचेच्या खोलीतलं एक मोठं मशीन दाखवलं आणि सांगितलं की हे मशीन एकच आहे, पण आत भिंती घालून वेगवेगळ्या खोल्या केल्यात. प्रत्येक भाडेकरूला वाटतं की सगळं मशीन आपलंच. त्याला ते 'व्हर्च्युअल सर्व्हर' म्हणतात. खोलीत तुम्ही तुमचा प्रोग्रॅम लावा, तुमची कुलपं लावा, शेजारी काय चाललंय ते तुम्हाला कळणार नाही आणि तुमचं शेजाऱ्याला. माझ्या तर ऐकूनच अंगावर काटा आला. बापूंच्याही आला, पण वेगळ्या कारणानं.

बापूंचं आणि त्यांच्या चुलतभावाचं सामाईक विहिरीवरून काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. आई लग्न होऊन जळोचीत आली त्याच साली पाण्याच्या पाळीवरून पहिली कुऱ्हाड उगारली गेली, असं ती सांगते. ती विहीर आटून जमाना झाला, भांडण मात्र बारमाही आहे. आमच्या घरात 'सामाईक' हा शब्द शिवीसारखा आहे, लहानपणी आम्ही दोघींनी एक पेन्सिल वापरली तरी आत्या "सामाईकात नको गं" म्हणून मोडून दोन तुकडे करायची. तर बापूंनी टोपी सारखी केली आणि साहेबांना विचारलं, "पाळी कोण लावतं?" साहेब म्हणाले, पाळी वगैरे नसते, सगळ्यांना सारखं मिळतं. बापू म्हणाले, "सारखं तर आमच्या कोर्टानंबी लिवून दिलंया." मग विचारलं, एखाद्यानं जास्त ओढलं तर? साहेब म्हणाले, आमची माणसं लक्ष ठेवतात. म्हणजे किल्ली तुमच्याकडंबी राहणार? हो, एक किल्ली कंपनीकडं. "मग घर कुणाचं?" यावर साहेबांनी चहा मागवला. शेवटी बापूंनी विचारलं की शेजारच्या खोल्यांत राहतं कोण. साहेब म्हणाले, ते गोपनीय असतं, सांगता येत नाही. झालं. बापू चहा अर्धा ठेवून उठले. "शेजार कसा हाय ते ठावं न्हाय तिथं आमी पोरगी देत न्हाय," म्हणाले, "पोरीचं काम तरी कसं ठेवावं?"

परत येताना एसटीत ते खुशीत होते. म्हणाले, आपली बोअर आपण पाडू. आपल्या घरात, आपली लाइट, आपला फोन. मी खिडकीतून बाहेर बघत होते आणि मान हलवत होते. आता सगळ्यांना मी हेच सांगत आले की बापूंच्या हट्टामुळं मशीन घरी आलं. पण मामा, खरं तुम्हाला लिहिते. साहेबांच्या केबिनमध्ये मी एक शब्द बोलले असते तर बापूंनी ऐकलं असतं. ते माझं ऐकतात, तुम्हाला माहीत आहे. मीच बोलले नाही. काचेच्या पलीकडं दुसऱ्याच्या खोलीत माझा प्रोग्रॅम चालणार आणि मी तो बघायला पाहुण्यासारखं पुण्याला जाणार, हे मला नको होतं. मला तो घरात पाहिजे होता. पंख्याचा आवाज ऐकत झोपायचं होतं. बापूंना बोअर हवी होती आणि मला खेळणं, आणि दोघांनीही त्याला 'सोय' असं नाव दिलं.

मशीन आणून बैठकीत फोनच्या शेजारी ठेवलं. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, म्हणजे लाइट गेली तर काय, ते आम्ही ट्रॅक्टरकडून घेतलं. दुकानातून इन्व्हर्टर आणला आणि त्याला रात्री ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची. मशीन रात्रभर मस्त चालायचं. सकाळी ट्रॅक्टर चालायचा नाही. बापू आणि शेजारचे भिमाकाका तो उतारापर्यंत ढकलत न्यायचे, आणि रस्त्यानं जाणाऱ्यानं विचारलं की काय झालं, तर बापू धापा टाकत अभिमानानं सांगायचे, "काय न्हाय, बॅटरी आमच्या दिपीनं सर्व्हरला लावलीया." सर्व्हर म्हणजे काय ते ना विचारणाऱ्याला माहीत ना सांगणाऱ्याला. पण ट्रॅक्टर बंद पडण्याइतकं ते मोठं काम आहे, एवढं जळोचीत सगळ्यांना कळलं.

आणि मग जी गंमत झाली ती तुम्हाला आवडेल (राग उतरला असेल तर). पुण्यात सामाईक नको म्हणून उठून आलेल्या बापूंनी घरी आल्यावर दिसेल त्याला मशीनमध्ये हिस्सा द्यायला सुरुवात केली. मोठेपणा, दुसरं काय. भिमाकाकांना म्हणाले, तुमच्या मेंढ्यांच्या औषधांचं वेळापत्रक टाका की आमच्या मशीनवर. तालमीच्या पोरांना म्हणाले, जत्रेतल्या कुस्त्यांच्या जोड्या लावा. नाही कुणाला म्हणणार? भावकी आहे. मीही त्या साहेबांसारख्या आत भिंती घातल्या आणि खोल्या पाडल्या. पण या भाडेकरूंकडं कॉम्प्युटर कुठाय? ते आपली खोली बघायला आमच्याच बैठकीत येऊन बसायचे, चहा प्यायचे, आणि एक दुसऱ्याला उठ म्हणायचा. शेवटी बापूंनी दाराशेजारच्या भिंतीवर खडूनं पाळी लिहिली. सकाळी भिमाकाका, दुपारी तालीम, संध्याकाळी सोयरीक. मी ती पाळी बघितली आणि हसले, आणि बापूंनीही बघितली, पण ते हसले नाहीत. मला वाटतं त्यांना विहीर आठवली.

आता तुमचा दुसरा प्रश्न, फोनच्या लाइनी किती. एक. घरचा तोच मशीनचा. पुण्यातल्या काचेच्या खोलीत लाइनींचा जुडगा होता, मोळीसारखा बांधलेला, तो मी डोळ्यांनी बघून आले होते, तरी मला वाटलं एक पुरेल. बारामतीचे आमचे कॉम्प्युटर क्लासवाले सर फोन लावायचे, कारखान्यावरचे एक इंजिनिअर लावायचे, आणि कधी कधी पुण्याचे ते साहेब स्वतः, आमच्या बोअरला पाणी लागलं का बघायला. मी मोडेमला सांगून ठेवलं होतं की चार रिंग वाजू दे, मग उचल. पण चार रिंग वाजेपर्यंत थांबणं आत्याच्या स्वभावात नाही. फोन वाजला की ती हातातली भाकरी तव्यावर टाकून धावते. उचलायची आणि म्हणायची, "हॅलो, कोन बोलतंय? जेवलासा का?" पलीकडून इंजिनिअरांचं मशीन पीं, पीं, पीं. आत्या म्हणायची, "आवं, नीट बोला की, रडायला काय झालं?" असं तिनं क्लासवाल्या सरांच्या मशीनची समजूत घातली आहे, देवाशप्पथ. मशीन गप्प झालं की म्हणायची, बिचाऱ्याचं मन मोकळं झालं.

सर एके दिवशी मला म्हणाले की तुझा सर्व्हर आधी जेवणाची चौकशी करतो. क्लासमधली सगळी मुलं हसली. मला ते लागलं, मामा. इंग्रजी मीडियमवाल्यांना हसू सहन होत नाही. मी घरी आले आणि मोडेमला सांगितलं, पहिल्याच रिंगला उचल. अर्धी रिंग वाजली तरी उचल. आत्याच्या आधी, सगळ्यांच्या आधी. मनिषाताई रोज संध्याकाळी घरचे फोन यायच्या वेळेला मशीनची फोनची वायर काढून ठेवायची, तिनं आपणहून लावून घेतलेला नियम होता. मी वायरीला चिठ्ठी चिकटवली, 'काढू नये'. ताईनं वाचली, माझ्याकडं बघितलं, आणि काढली नाही. तिचं असंच असतं. दुसऱ्यानं 'नये' म्हटलं की ती कारण विचारत नाही.

त्याच सुमाराला, मामा, निरवांगीकर ताईला बघून गेले होते. तुम्हीच घेऊन आला होतात, म्हणून ते लिहीत नाही. फक्त तुम्ही बाहेर बापूंशी बोलत होतात तेव्हाचं लिहिते. राम (नवरा मुलगा, जनावरांचे डॉक्टर, म्हणून मी त्यांना आतून घाबरून होते) ताईला एकच वाक्य बोलले. म्हणाले, "तुमच्या गोठ्यातली ती तांबडी गाय उजव्या पायानं लंगडतीय, खुरात बघा." ताईनं ते गेल्यावर बघितलं. खडा रुतला होता. तो खडा ताईनं टाकला नाही. शिवणाच्या डब्यात आहे, बटनांमध्ये. मी विचारलं हे काय, तर म्हणाली, काही नाही, खडा आहे. तेव्हापासून निरवांगीची एसटी किती वाजता कुठून सुटते हे तिला पाठ आहे. एरवी तिला बारामती स्टँडवर जायचं तर मला विचारावं लागतं.

जाताना ते 'कळवतो' म्हणाले होते. आपल्याकडची रीत मला माहीत नव्हती ती आता पक्की कळली. कळवायचं मुलाकडच्यांनी. मुलीकडच्यांनी विचारायचं नाही, विचारलं तर मुलगी जड झाली असा अर्थ होतो. आणि मुलाकडच्यांनी एकदा कळवलं आणि उत्तर आलं नाही, तर पुन्हा कळवायचं नाही, कारण मग ते नडलेले ठरतात. म्हणजे दोघंही आपापल्या घरात ताठ बसणार. आम्ही बसलो. बापू जेवताना फोनकडं बघायचे. आई देवाला दिवा लावताना फोनकडं बघायची. फोन दिवसभर अर्धा-अर्धा वाजून गप्प व्हायचा आणि मी खुशीत, की किती लोक सर्व्हरला लागतायत. ताई शिवणाचा डबा घेऊन बसायची. एकदाच म्हणाली, "दिपे, तुझ्या प्रोग्रॅममध्ये निरवांगीच्या पुढं काय लिहिलंय?" मी उघडून दाखवलं. 'कळवतो म्हणाले.' ती म्हणाली, असू दे.

फुटलं ते इंदापूरच्या बाजारात. आत्या मिरच्या घ्यायला गेली होती, तिथं तिला रामची आजी भेटली, बानूबाई. आत्यानं तोंड फिरवलं, बानूबाईंनी पण फिरवलं, पण मिरच्यांचा ढीग एकच होता. शेवटी बानूबाई ढिगाकडं बघतच म्हणाल्या, "आक्का, तुमच्या घरात कोन कोकलत असतंया गं?"

"कोकलाय काय झालं? समदी धडधाकट हाय आमच्यात."

"मग फोनात कोन व्हतं?"

तिथं मिरच्यांच्या ठसक्यात आत्याला जे कळलं ते असं. निरवांगीकर फाट्यावरच्या बूथवर तिघंजण आले होते. आजोबा नव्या पटक्यात, रामचे वडील, आणि बानूबाई. बोलणं झालं की तिथंच वाटायला पितळी डब्यात गूळ घेऊन. पहिला शब्द घरातल्या थोरल्या बाईनं बोलायचा, म्हणून बूथवाल्यानं नंबर फिरवून रिसीव्हर बानूबाईंकडं दिला. पहिल्याच रिंगला उचलला (बानूबाईंना वाटलं, बघा किती वाट बघत बसलीत) आणि किंकाळी. तुम्हाला माहीत आहे मोडेम कसा ओरडतो. पण बानूबाई मागं हटणाऱ्या नाहीत. त्यांना वाटलं लाइन खराब आहे. त्या किंकाळीवर आवाज चढवून बोलल्या, सगळं बोलल्या. म्हातारीचा रामराम घ्या, पोरगी आमाला पसंत हाय, पोराला बी हाय, सुपारी फोडायला कवा येऊ सांगा. आणि थांबल्या. पलीकडून आणखी मोठी किंकाळी, मग खरखर, मग कट. पुन्हा लावला, पुन्हा तेच. बूथवाला हुशार, तो म्हणाला, आजी, हे फॅक्सचं मशीन हाय, लिहून द्या, मी पाठवतो. तर आजोबा म्हणाले, "होकार तोंडानं देत्यात. कागदावर कोर्टाच्या नोटिसा येत्यात." डबा झाकला आणि तिघं परत गेले. वाटायला काढलेला गूळ घरात परत घ्यायचा नसतो म्हणे. म्हशीला घातला.

म्हणजे ताईसाठीचा होकार आमच्या घरात आला होता, मामा. पहिल्यांदा तो माझ्या मशीननं ऐकला. आणि ज्या मशीनवर मी पन्नास घरांची स्थळं भरून ठेवली त्यानं तो कुणाला सांगितला नाही, कारण मी त्याला फक्त मशीनशी बोलायला शिकवलं होतं. आत्यानं बाजारात आपल्या परीनं समजावलं, "आवं, ते आमच्या दिपीचं मशीन हाय, बाहेरच्या मशीनसंगं बोलतंय." बानूबाई म्हणाल्या, "आन् मानसासंगं?" आत्यानं मिरच्यांचा भाव विचारला. मीही भावच विचारला असता, आणि मी तर डिप्लोमा केलाय.

घरी आल्यावर आत्यानं हे बैठकीत सगळ्यांसमोर सांगितलं. मी बापूंच्या ओरडण्याची वाट बघत होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते उठून मशीनसमोर जाऊन उभे राहिले. मला म्हणाले, "हे समदं आपलंच हाय न्हवं? कुनाचा हिस्सा न्हाय?" मी म्हटलं, नाही. "वायर आपली, फोन आपला?" मी म्हटलं, हो. मग ते भिंतीकडं वळले. "सामाईकात येक बरं असतंया," म्हणाले, "भांडायला कोन तरी समोर असतं." आणि भिंतीवरची पाळी त्यांनी टोपीनं पुसली. तेव्हापासून मशीन बंद आहे. ट्रॅक्टर सकाळी लगेच चालू होतो. तो चालू झाला की मी पांघरूण डोक्यावरून घेते.

ताईनं मशीनवर फडकं घातलं आणि मला म्हणाली, तुझी काही चूक नाही. मामा, तिनं एक थोबाडीत दिली असती तर मी हे पत्र लिहिलंही नसतं कदाचित. मी तिला म्हटलं, तू वायर काढत होतीस तशीच काढायची होतीस. ती म्हणाली, "काढू नये लिहिलं होतंस ना." एवढंच. शिवणाच्या डब्याचं झाकण मात्र तिनं परवापासून उघडलं नाही. माझं तुटलेलं बटन तिनं दोऱ्याऐवजी टाचणीनं लावून दिलं.

पुण्यात त्या काचेच्या खोलीत एक खोली घेतली असती, तर आज जळोचीच्या फोनवर आत्यानं बानूबाईंना जेवलात का विचारलं असतं, आणि सुपारी फुटली असती. एवढं साधं होतं. तुमचे तीन प्रश्न मी आता अर्थासह म्हणून दाखवू शकते. कुणी सर्व्हर घ्यायला निघालं तर मी त्याला सांगेन की बाबा, शेजारी कोण हे नंतर बघ, आधी बघ की तुझ्या घरात तो कुणाची जागा घेणार आहे.

मामींना आणि तुम्हाला पुन्हा नमस्कार. चुकलं तेवढं पोटात घाला.

तुमची,
दिपाली

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. बानूबाईंनी मिरच्या बांधून घेताना आत्याला सांगितलं की येत्या आठवड्यात ते भिगवणकडं दुसरी मुलगी बघायला जाणार आहेत. रामना जायचं नाही असं वाटतं, पण ते बोलतात कुठं, त्यांना गायीच्या खुराशिवाय बोलायचं माहीत नाही. तेव्हा मामा, तुम्ही त्याआधी एकदा निरवांगीला जाऊन या. आम्ही जाऊ शकत नाही, मुलीकडचे आहोत. तुम्ही मध्यस्थ, तुम्हाला रीत आडवी येत नाही. मोडेम वगैरे समजावू नका, फक्त सांगा की तुमचा होकार पोचला, ऐकणारं बावळट होतं. आणि गूळ इथून घेऊन जा. बापूंनी नवीन ढेप आणून ठेवली आहे. ती आईला चहात घालू देत नाहीत.

ता. क. दुसरा. आणखी एक बारीकसं काम आहे, सहज आठवलं म्हणून. मामींच्या शिकवणीचा तुमच्याकडं वेगळा फोन आहे ना? आणि शिकवणी संध्याकाळीच असते ना? म्हणजे दिवसभर ती लाइन मोकळीच. मशीन काही फार जागा घेत नाही, पलंगाखाली बसेल, पंख्याचा आवाज थोडा येतो पण सवय होते. लाइट तुमच्याकडं जात नाही. पडलं तर उठवायला तुम्ही आहातच. तीनही प्रश्नांची उत्तरं मी यावेळी आधी काढली आहेत. निरवांगीला जाताना जळोचीवरूनच जाल, तर परत जाताना एसटीत तुमच्या मांडीवर घेऊन जाता येईल. (चार रिंगवर ठेवीन. सहा म्हणालात तर सहा.)

ता. क. तिसरा. ताईनं आत्ता पत्र वाचलं. म्हणाली, मामांना एका पत्रात एकच काम सांगावं. कुठलं ते म्हणाली नाही. मी दुसरा ता. क. खोडायला घेतला तर माझा हात धरला, "राहू दे, तुझं बी मन हाय त्यात." असं ती कधी बोलत नाही, गावाकडच्यासारखं. मग खोडलं नाही. तुम्हीच ठरवा.

ता. क. शेवटचा, लखोटा चिकटवायच्या आधी. फोन वाजला. मशीन बंद असल्यामुळं पूर्ण वाजला, आणि आम्ही सगळे जागेवरून उठलो. ताई दारात येऊन थांबली. आत्यानं उचलला आणि पदर सावरून म्हणाली, "रामराम, बोला." पलीकडून पीं, पीं, पीं. कारखान्याचे इंजिनिअर असणार, त्यांना अजून कुणी सांगितलं नाही. मी हातानं खुणावलं, ठेव. पण आत्या ठेवत नाही. हे लिहितेय तरी तशीच उभी आहे, कानाला लावून, डोळे मिटून. म्हणते, "त्या म्हातारीनं आपलं कोकलणं शेवटपतूर ऐकलं, आन् वर पोरगी पसंत हाय म्हनली. आता आपुन कुनाचं तरी ऐकून घ्यायला नको?" ताई तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली आहे. मामा, तुम्हाला काय वाटतं, रिसीव्हर काढून घेऊ तिच्या हातातून, की राहू देऊ?